मुकादमाची नवी वही

नोकरीची जाहिरात ही मालक आणि श्रमिक यांच्या संबंधातील पहिली ओळ असते. नेमणूकपत्र तिच्यानंतर येते, हजेरीपट त्याहून नंतर, आणि संघटना उभी राहिलीच तर ती सर्वांत शेवटी. कामगार चळवळीने वेतनचिठ्ठीकडे, हजेरीपटाकडे आणि बडतर्फीच्या नोटिशीकडे जेवढे लक्ष पुरवले तेवढे या पहिल्या ओळीकडे आजवर पुरवलेले नाही. जाहिरात हा मालकाचा खाजगी मामला आहे, तीत काय लिहावे आणि काय गाळावे हे त्याने ठरवावे, अशी समजूत रूढ झाली आणि ती कोणी फारशी तपासली नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींचा मजकूर छापला जात होता तोवर या दुर्लक्षाची किंमत मर्यादित होती. आता जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. छापील जाहिरात कोणी वाचली हे कोणालाच कळत नसे. पडद्यावरची जाहिरात वाचणाऱ्याची नोंद ठेवते, आणि ही नोंद श्रमाच्या बाजारातील एक मोठी सत्ता होऊन बसली आहे. ती कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही.

या व्यवहाराची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. नोकरीच्या संकेतस्थळावर जाहिरात पडली की ती किती जणांच्या पडद्यावर गेली, किती जणांनी ती उघडली, किती जणांनी अर्ज भरायला घेतला, तो कोणत्या प्रश्नापाशी सोडून दिला आणि किती जणांनी पुरा केला, या प्रत्येक पायरीची मोजदाद होते. मालकाकडून पैसे बहुधा या मोजदादीवरच घेतले जातात; कोठे दर क्लिकमागे, कोठे दर अर्जामागे. एकाच जागेच्या जाहिरातीचे दोन मसुदे करून ते उमेदवारांच्या दोन गटांना दाखवायचे आणि ज्याला अधिक अर्ज येतील तो ठेवायचा, ही आता नित्याची पद्धत आहे. पदाला ‘विक्रेता’ म्हणावे की ‘ग्राहक संबंध अधिकारी’, जाहिरात सोमवारी सकाळी सोडावी की रविवारी रात्री, मजकूर किती ओळींचा असावा, हे सारे आकड्यांवरून ठरते. मालकांना असा सल्ला देणारा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे.

या पद्धतीत सारेच त्याज्य आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पन्नास रकान्यांचा अर्ज निम्म्यावर सोडून देणारे उमेदवार आळशी नसतात. त्यांच्यापाशी संगणक नसतो, उसना मोबाइल असतो आणि त्यातील डेटा संपत आलेला असतो, हे आकडेवारीने दाखवले तर अर्ज सुटसुटीत होतो आणि त्यात गरिबाचाच लाभ आहे. ज्या कामाला दहावीचे शिक्षण पुरते तेथे पदवीची अट घातल्याने कोण गळाले, हेही आकडेवारी दाखवू शकते. २०११ मध्ये गाउचर, फ्रीसन आणि के या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की वर्चस्व, स्पर्धा, आक्रमकता यांची छटा असलेले शब्द जाहिरातीत अधिक आले की ती नोकरी स्त्रियांना कमी आकर्षक वाटते. आणि याचे कारण आपली कुवत कमी आहे असे त्यांना वाटते हे नसून, तेथे आपल्याला स्थान नाही असे वाटते हे आहे. असे शब्द शोधून काढणे आणि बदलणे हे चांगलेच काम आहे. मोजमाप हे साधन आहे. साधनाशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही.

वैर उत्पन्न होते ते काय मोजायचे हे ठरवण्यापाशी. आज अर्ज मोजले जातात, कारण अर्ज विकले जातात. एका जागेसाठी हजार अर्ज आले तर जाहिरात यशस्वी ठरते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांच्या वाट्याला काय आले याचा रकाना त्या हिशेबात नाही. जागा खरोखर रिकामी होती काय, ती भरली गेली काय, जाहिरातीत सुचवलेले वेतन पहिल्या महिन्याच्या चिठ्ठीत उतरले काय, तीन महिन्यांत किती जण सोडून गेले, यांपैकी कशाचीही मोजदाद उमेदवारापुढे ठेवली जात नाही. परिणाम उघड आहे. ‘दरमहा अठरा हजार रुपये’ हा मसुदा आणि ‘दरमहा तीस हजार रुपयांपर्यंत कमाई’ हा मसुदा एकमेकांसमोर ठेवले तर अधिक अर्ज दुसऱ्याला येणार. त्यातल्या ‘पर्यंत’ या एका शब्दात जादा पाळ्या, प्रोत्साहन भत्ता आणि जवळपास अशक्य असे लक्ष्य दडलेले असते. खरेपणाची अट न घालता केवळ ओढ मोजणारी परीक्षा घेतली की त्या परीक्षेत अतिशयोक्ती पहिली येते. यात कोणा एका मालकाची दुष्टबुद्धी शोधण्याची गरज नाही. मोजपट्टीच तशी केलेली आहे.

याची किंमत कोण भरतो? परभणी, नांदेड किंवा लातूरकडचा आयटीआय झालेला मुलगा चाकणला, रांजणगावला किंवा वाळूजला मुलाखतीसाठी येतो तेव्हा त्याच्या खिशात घरातून उसने घेतलेले पैसे असतात. एसटीचे भाडे, कॉटचे भाडे, खानावळ आणि झेरॉक्स यांत ते संपतात. मग त्याला कळते की जाहिरात कंपनीच्या नावाची असली तरी नोकरी कंत्राटदाराकडची आहे, जागा सात महिन्यांची आहे आणि वेतनातून गणवेशाचे, बसचे व जेवणाचे पैसे कापले जाणार आहेत. परत जायला पैसे नसल्यामुळे तो ती नोकरी पत्करतो. हा करार मुक्त संमतीचा होता असे नंतर कागदोपत्री म्हटले जाते. माहिती लपवणे हा वाटाघाटीतील डाव आहे आणि तो नेहमी ज्याच्यापाशी राखीव पुंजी नाही त्याच्यावरच पडतो. या लपवाछपवीचे टोक किती भीषण असू शकते हे मार्च २०२५ मध्ये दिसले. परदेशातील नोकरीच्या खोट्या आमिषाने नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना म्यानमार-थायलंडच्या सीमेवरून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. चाकणचा कंत्राटदार आणि ती गुन्हेगार टोळी यांना एका मापाने मोजणे बरोबर नव्हे. पण जाहिरातीच्या खरेपणाची कोणावरच जबाबदारी नाही, या एकाच पोकळीत दोघांनाही जागा मिळते.

खोट्या मजकुराहून अधिक सूक्ष्म असा दुसरा अन्याय आहे : जाहिरात कोणाला दाखवलीच जात नाही, हा. याचा अनुभव प्रथम अमेरिकेत पुढे आला. तेथील वर्तमानपत्रांत एके काळी ‘पुरुष पाहिजेत’ आणि ‘स्त्रिया पाहिजेत’ असे वेगवेगळे स्तंभ छापले जात. पिट्सबर्ग शहराने त्याला बंदी केली आणि १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी ग्राह्य धरली. तो भेद निदान छापलेला होता. वर्तमानपत्र हाती घेणाऱ्या कोणालाही तो दिसत होता, म्हणून त्याविरुद्ध लढता आले. २०१७ च्या अखेरीस ‘प्रोपब्लिका’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांनी उघड केले की अनेक मोठ्या कंपन्या फेसबुकवरील नोकरीच्या जाहिराती ठरावीक वयाच्या तरुणांनाच दिसतील अशी तजवीज करीत होत्या. पन्नाशीच्या कामगाराला नकार मिळाला नाही. नोकरी होती हेच त्याला समजले नाही. नागरी हक्क संघटना आणि दूरसंचार कामगारांची संघटना यांनी लढा दिला, आणि मार्च २०१९ मधील तडजोडीनुसार अमेरिकेत नोकरीच्या जाहिराती वय, लिंग आणि वस्ती यांवरून रोखण्याची सोय फेसबुकला काढून घ्यावी लागली.

परंतु प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. त्याच वर्षी काही विद्यापीठीय संशोधकांनी कोणालाही न वगळता जाहिराती देऊन पाहिल्या. लाकूडतोडीच्या नोकरीची जाहिरात ज्यांना दाखवली गेली त्यांत ९० टक्के पुरुष निघाले. मोठ्या दुकानातील रोखपालाची जाहिरात ज्यांच्यापर्यंत गेली त्यांत ८५ टक्के स्त्रिया होत्या. भेद करा असे यंत्राला कोणी सांगितले नव्हते. अधिक क्लिक मिळव, एवढेच सांगितले होते, आणि समाजातील जुनी वाटणी गिरवली की क्लिक अधिक मिळतात हे त्याने हेरले. लँब्रेख्ट आणि टकर या संशोधक स्त्रियांचा, तोही २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी उद्बोधक आहे. विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील कामाविषयीची लिंगनिरपेक्ष जाहिरात स्त्रियांपेक्षा पुरुषांना २० टक्क्यांहून अधिक प्रमाणात दाखवली गेली. कारण एवढेच की तरुण स्त्रियांची नजर जाहिरातीच्या बाजारात महाग आहे. प्रसाधने आणि कपडे विकणारे तिच्यासाठी अधिक बोली लावतात, आणि स्वस्तात काम उरकणाऱ्या यंत्राने नोकरीची बातमी पुरुषांकडे वळवली. ग्राहक म्हणून स्त्रीची किंमत अधिक, म्हणून श्रमिक म्हणून तिला संधी कमी! बाजाराला स्वतःचा विवेक असतो असे मानणाऱ्यांनी या एका निष्कर्षावर थोडा विचार करावा.

भारतात हे संकट जातीच्या आणि धर्माच्या भूमीत रुजते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केलेल्या पाहणीची येथे आठवण करणे आवश्यक आहे. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढील टप्प्याला बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. यंत्राला उमेदवार पारखण्यास शिकवताना मालकांच्या याच जुन्या निवडी धडे म्हणून दिल्या तर ते काय शिकेल? अॅमेझॉनने असा प्रयोग केला होता. दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकलेल्या तिच्या यंत्राने अर्जात स्त्रियांच्या संस्थेचा उल्लेख आला की गुण कमी केले. कंपनीला तो प्रयोग सोडून द्यावा लागला, असे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. इकडे तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळील फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना भरतीतून वगळले जाते असे वृत्त जून २०२४ मध्ये ‘रॉयटर्स’ने दिले. कंपनीने आरोप नाकारला. पुढे नोव्हेंबरमध्ये असे वृत्त आले की वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती यांचा उल्लेख जाहिरातीतून काढावा, अशी सूचना भरती करणाऱ्या एजन्सींना देण्यात आली. शब्द गेले, हे ठीकच झाले. पण शब्दांबरोबर प्रथाही गेली की ती आता नुसती अदृश्य झाली, हे जाहिरात वाचून कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी अर्ज कोणी केले आणि नेमणुका कोणाच्या झाल्या, हा हिशेब समोर यावा लागतो. हा हिशेब अस्तित्वात असतो; तो केवळ मालकापाशी आणि संकेतस्थळापाशी असतो.

मुंबईच्या कामगार इतिहासाला ही परिस्थिती अपरिचित नाही. गिरण्यांच्या दारात उभा राहणारा जॉबर आणि स्त्री-कामगारांवरची नायकीण यांची सत्ता कशावर उभी होती? कोणत्या खात्यात किती माणसे कमी आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि दारातल्या गर्दीत कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही हेही त्यांना ठाऊक होते. दोन्ही बाजूंची ही माहिती एकाच माणसापाशी होती, म्हणून तो दस्तुरी घेऊ शकत होता आणि मजुरी पाडू शकत होता. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली. आजच्या संकेतस्थळाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. कोण किती दिवस काम शोधतो आहे, रात्री किती वाजता शोधतो आहे, कोणत्या वेतनाखालच्या जाहिराती त्याने पूर्वी उघडल्या नव्हत्या आणि आता उघडू लागला आहे, हे सारे त्याच्या वहीत टिपले जाते. जॉबरची वही त्याच्या डोक्यात होती आणि तो माणूस मेला की तीही जात असे. ही नवी वही कधी विसरत नाही, आणि तिची पाने तिसऱ्याला विकताही येतात.

जॉबरच्या सत्तेला चळवळीने जे उत्तर दिले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जॉबर चांगला असावा अशी विनंती करून ती थांबली नाही. तिने वही मागितली. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदीत कामगारांची यादी आणि पाळीपाळीने कामाची वाटणी यांचा पाया घातला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी जो लढा दिला त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक नोंदलेला, कामगार नोंदलेला, मजुरी मंडळाकडे जमा होणार, त्यावर लेव्ही भरली जाणार, आणि मंडळावर मालक, कामगार व शासन या तिघांचे प्रतिनिधी बसणार, अशी ही रचना आहे. पुढे या मंडळांत दोष शिरले, बनावट माथाडींच्या तक्रारी झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ज्याच्या पाठीखेरीज दुसरे भांडवल नव्हते त्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला तो कामाची नोंद मुकादमाच्या खिशातून सार्वजनिक दप्तरात आली म्हणून मिळाला.

सबंध देशापुरते असे दप्तर उभारण्याचा एक प्रयत्न स्वतंत्र भारताने केला होता. विनामूल्य सार्वजनिक सेवायोजन सेवा ठेवण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, आणि त्याच वर्षी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला सक्तीने कळवण्याचा कायदा संसदेने केला. पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांनाही तो लागू होता. पुढील वर्षीच्या नियमांप्रमाणे जागेचे स्वरूप, संख्या, कामाचे ठिकाण, वेतन आणि भत्ते हे सारे कळवावे लागे. खाजगी मालकाने वेतन उघड करावे ही मागणी कोणा परकीय पंडिताची नवी कल्पना नव्हे. ती या देशाच्या नियमांत साठ वर्षांहून अधिक काळ लिहिलेली होती. परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला हजार. त्या कार्यालयामार्फतच भरती करण्याचे बंधन नाही. मालकाने माहिती दिली तरी ती दप्तरात पडून राहणार, उमेदवारापुढे येणार नाही. एक्स्चेंजचे कार्ड नियमाने नूतन करीत राहूनही एकही कॉल न आलेल्या माणसांची एक पिढी महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीही केवळ या कार्यालयाच्या यादीवर न ठेवता जाहिरातीने खुली करावी असे सांगितले. संधी खुली करण्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण कार्यालयाचे उरलेसुरले महत्त्वही त्यामुळे ओसरले, आणि ते सुधारण्याची इच्छा कोणत्याच सरकारला झाली नाही.

आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. ही संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनी रिक्त जागा ‘करिअर सेंटर’ला कळवाव्यात अशी तरतूद तीत आहे, तेथून भरती करण्याचे बंधन मात्र तिनेही घातलेले नाही. केंद्राचे राष्ट्रीय संकेतस्थळ २०१५ पासून आहे, महाराष्ट्राचे ‘महास्वयम्’ आहे, जिल्ह्याजिल्ह्यात मार्गदर्शन केंद्र आहे. इमारत उभी आहे. तीत काय साठवायचे याचा निर्णय व्हायचा आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या एका संहितेने प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. चार श्रमसंहितांनी संघटना आणि संप यांचे हक्क आकुंचित केले, याविरुद्धचा लढा चालूच राहील. पण या एका तरतुदीचा उपयोग करून घेण्यात कसूर होता कामा नये. जाहिरात आणि नेमणूकपत्र हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवता आले तर जाहिरातीच्या खरेपणाचा कस लागतो.

वेतन छापण्याची सक्ती व्यवहार्य नाही, असे सांगणाऱ्यांना आता जगातील अनुभव उलट साक्ष देतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू केला. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून, कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून तोच मार्ग धरला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढून उमेदवाराला मुलाखतीपूर्वी वेतन कळले पाहिजे असे ठरवले आणि मागच्या नोकरीतील पगार विचारण्यास मालकाला मनाई केली. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत देण्यात आली. पळवाटाही निघाल्या. कोलोरॅडोत काही कंपन्यांनी घरून करावयाच्या कामाच्या जाहिरातीत ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असे लिहिण्यापर्यंत मजल मारली! वेतन सांगावे लागू नये म्हणून उमेदवारच नाकारणाऱ्या मालकांनी त्या गुप्ततेची किंमत स्वतःच जाहीर केली.

आक्षेप आणखीही येतील. लहान कारखानदाराला हा बोजा होईल, असे म्हटले जाईल. वेतनाचा आकडा लिहिण्यास शाईची एक रेघ लागते. ज्याला तेवढाही बोजा वाटतो त्याची अडचण शाईची नाही. संकेतस्थळ हा केवळ फलक आहे, मजकुराची जबाबदारी त्याची नाही, असे सांगितले जाईल. जो फलक कोणाला दिसायचे हे स्वतः ठरवतो आणि दिसण्याचे पैसे घेतो तो फलक राहत नाही, तो दलाल होतो, आणि दलालाला कायदा असतो. आणि सरकारी भरतीचे काय? लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत पदसंख्या, वेतनश्रेणी, आरक्षण, वयोमर्यादा हे सारे छापलेले असते. परीक्षा रखडतात, निकाल लांबतात, हा दोष मोठा आहे. पण काय मिळणार हे उमेदवाराला ठाऊक असते. शासनच जेव्हा एजन्सीमार्फत माणसे घेऊ लागते तेव्हा ही स्पष्टता नाहीशी होते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाह्ययंत्रणेमार्फत भरतीसाठी नऊ संस्था नेमण्याचा निर्णय काढला होता, आणि तरुणांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. जाहिरातीचा प्रश्न तरुणांना कळत नाही असे कोणी समजू नये.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. प्रत्येक जाहिरातीत हाती येणारे किमान वेतन, कपाती, कामाचे तास, जागांची संख्या, नेमणुकीची मुदत आणि प्रत्यक्ष मालक कोण, हे लिहिणे सक्तीचे व्हावे. आणि ‘पर्यंत’ या शब्दाच्या आधी ‘पासून’ यावा. जाहिरात कोणत्या वयाच्या, लिंगाच्या व भागातील लोकांना दाखवली गेली याचा अहवाल संकेतस्थळाने सार्वजनिक केंद्राकडे द्यावा. अर्ज किती आले, नेमणुका किती व कोणाच्या झाल्या, आणि सहा महिन्यांनी त्यांतले किती टिकले, हे व्यक्तींची नावे वगळून प्रसिद्ध व्हावे. जागा भरली किंवा रद्द झाली की ठरलेल्या मुदतीत जाहिरात उतरवली जावी. उमेदवाराची माहिती, त्याचा फोन क्रमांक आणि त्याची शोधाची नोंद त्याच्या संमतीवाचून तिसऱ्याकडे जाऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. त्या टप्प्यांवर कामगार संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. जाहिराती सुधारण्यासाठी आकडेवारी जरूर वापरावी. अट एवढीच की ती दोन्ही पक्षांपुढे सारखी उघडी असावी.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक गावात दोन कार्यकर्त्यांनी ठरवले तर एक साधी वही सुरू करता येईल. डाव्या पानावर जाहिरातीतील वेतन, उजव्या पानावर पहिल्या महिन्याच्या चिठ्ठीतील वेतन. जाहिरातीतील मालकाचे नाव आणि नेमणूकपत्रावरील मालकाचे नाव. आश्वासन दिलेली पाळी आणि प्रत्यक्षातील पाळी. भाड्याच्या खोल्यांतून, खानावळींतून आणि कंपनीच्या बसथांब्यांवरून ही माहिती गोळा होऊ शकते. उमेदवाराचे नाव त्या वहीत असू नये. कंत्राटदाराचे अवश्य असावे. शंभर नोंदी झाल्या की ती वही घेऊन कामगार आयुक्तांकडे जावे, जिल्हा मार्गदर्शन केंद्राकडे जावे, आणि गावाकडून येणाऱ्या पुढच्या मुलांना ती आधी वाचायला द्यावी. मालकांचे सल्लागार जाहिरातीवर किती बोटे पडली हे मोजत आहेत. त्या जाहिरातींतील किती शब्द पाळले गेले, हे मोजण्याचे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही, आणि ते चळवळीचेच आहे.